मैनाचा नाल, ताराचा नाल

चंदगड
१४ नोव्हेंबर २०२४

दोस्त कृष्णात,

जय हिंद. मी चनबसाप्पा कोरी, नालबंद. आपली गाठ तुटून तेहतीस वर्षं झाली. अक्षर मोठं दिसेल, त्याला हसू नकोस. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. फोन करत नाही, कारण जन्मभर ऐरणीवर हातोडा मारून कान गेलेत. समोरचा ओरडतो एक आणि मी उत्तर देतो दुसरंच.

तुझा पत्ता माझ्याकडून हरवला होता, तो रिसालदार अमरसिंह साहेबांनी दिला. आपल्या घोडदळातून निवृत्त झालेल्या कोल्हापूरकडच्या सगळ्यांना ते एकत्र बोलावताहेत. १९ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. मंगळवार पेठेत हॉल घेतलाय. पत्ते त्यांनी जुन्या रजिस्टरातून काढलेत.

मी येतो म्हणून कळवलेलं नाही. तू तिथं असणार. मला बघून तू तोंड फिरवलंस तर मला परत एस.टी.त बसण्याशिवाय दुसरं काही करता येणार नाही. म्हणून आधी विचारतो. तुझ्या घोडीच्या, मैनाच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते तुला पुढं कधीतरी कळलं असणार. नाहीतर तू घरी गेल्यावर मी तुला तीन पत्रं घातली, त्यातल्या एकाला तरी उत्तर आलं असतं.

डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत नजर जाईल. जायच्या आधी तुझं तोंड एकदा बघायचं आहे. ये म्हणालास तर येतो. नको म्हणालास तर का म्हणून विचारणार नाही.

तुझा
चनबसाप्पा

•

कसबा बावडा
२३ नोव्हेंबर

पावणं, रामराम.

तुमचं पत्र मालकांच्या नावानं आलं, पर फोडलं मी. ह्या घरात पत्र फोडायचं काम पयल्यापासनं माझंच. मी धोंडुबाई, कृष्णात नेजदारांची बायकू. चौथी पास हाय, तवा शुद्धलेखन काढत बसू नका. सून वर्षाराणी मास्तरीण हाय, ती म्हणती आई, बाईमाणसानं आले-गेले म्हणावं, आलो-गेलो न्हवं. मी म्हटलं, बावड्याच्या बाया जन्मल्यापासनं आलो-गेलोच म्हणत्यात आणि त्यांची लगीनं बी झाली.

पाकिटावरचं अक्षर बगितलं आणि मी उंबऱ्यातच बसलो. हे अक्षर मला ठावं हाय. लगीन झाल्यावर जयपूरहून मालकांची पत्रं यायची ती ह्याच अक्षरात. खाली सही तेवढी त्येंची, कोंबडीनं उकरल्यागत. तवाच मी वळखलंतं की लिवणारा दुसरा कुणी तरी हाय. आमचं मालक घरात दोन वाक्यं बोलायचं तर दम खायचे, आणि पत्रात "तिकडे थंडी पडली असेल, तू शाल घेत जा" असं? म्हटलं, ह्या शालवाल्याला एकदा समोर बगायला पायजे. आता सापडलासा.

पत्र मालकांना मोठ्यानं वाचून दावलं. ऐकलं त्येनी. भिंतीला टेकून हायेत, माझ्याकडं बगत्यात, गालात हसत्यात. बोलत मातुर काय न्हाईत. त्येंचा सभाव तुमाला म्या नवा सांगाय नको.

तवा आता यवहार माझ्यासंगं करा. तुमाला या म्हणायचं का नको, ते मी ठरीवणार. पर माझ्या दोन अटी हायेत. एक, मैनाचं काय झालं ते सरळ सांगायचं, काय बी चोरायचं न्हाई. दोन, मालक तिकडं लाईनीत कसं ऱ्हायाचे, काय खायाचे, कुणाला शिव्या द्यायाचे, ते सगळं लिवायचं. मला त्येनी कंदी सांगितलं न्हाई. इचारलं की म्हणायचे, "घोडी व्हती, आमी व्हतो, झालं." वीस वर्षाच्या नोकरीची गोष्ट एका दमात संपवायचे आणि म्हशीकडं जायाचे.

लांबलचक लिवा. अक्षर मोठं काढतासा तर कागद बी जास्त लावा.

धोंडुबाई

•

चंदगड
१ डिसेंबर

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र नातीनं, शांभवीनं, दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं.

शालवाला मीच. कृष्णात नुसता सांगायचा, "बरा हाय म्हणून लिव." एवढ्यावर आंतर्देशीय पत्र संपत नाही. राहिलेली जागा मी भरायचो. त्याबद्दल काही राग असेल तर तो मेळाव्यात बोलून टाकू.

तुमची पत्रंही त्याला मीच वाचून दाखवायचो. तबेल्यात, संध्याकाळच्या खराऱ्याच्या वेळी. घोडीच्या पाठीवरून खरारा फिरवता फिरवता तो थांबायचा आणि हात तसाच पाठीवर ठेवून ऐकायचा. एकदा तुम्ही लिहिलं होतं, "नवी म्हस घेतलीया. तुमच्यावर गेलीया. खाती पोटभर, बोलत न्हाई, आणि बोलावल्याबिगर घरला येत न्हाई." मी ते जरा जोरात वाचलं. सगळी लाईन महिनाभर त्याला म्हैस म्हणत होती. तो चिडला नाही. वरून मला म्हणाला, तेवढं परत वाच.

आमच्यात कायदा होता. घोडं पाणी प्यायल्याशिवाय, चंदी खाल्ल्याशिवाय सवारानं ताट घ्यायचं नाही. बाकीचे कायदा म्हणून पाळायचे. कृष्णात मैनाजवळ उभा राहून तिचं खाणं संपेपर्यंत बघत बसायचा आणि लंगरात डाळ थंड झालेली असायची. घरून आलेला गूळ अर्धा तिला. अर्ध्यातला अर्धा मला.

आणि एक सांगतो, तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. मुलगा झाल्याची तुमची तार आली, ती मीच वाचली. तो उठून आधी मैनाकडे गेला. तिचा कान धरून कानात काहीतरी सांगितलं. मग साहेबांकडे छुट्टी मागायला गेला. काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "नाव सांगितलं. उदयसिंह."

त्याच छुट्टीत ते झालं. १९८४ साल.

घोड्याच्या पुढच्या खुरावर तापल्या लोखंडानं नंबर उठवतात. खूर आपल्या नखासारखं वाढतं, त्याला दुखत नाही. पण वाढता वाढता नंबर खाली सरकतो आणि जातो, म्हणून परत उठवावा लागतो. ते काम माझं. मैनाला एक सख्खी बहीण होती, तारा. दोघी तांबड्या, दोघींच्या कपाळावर सारखी चांदणी. त्या दिवशी मला ताप होता. तीस घोडी करायची होती. दोघी बहिणी एकदम पुढ्यात आल्या आणि मी मैनाच्या खुरावर ताराचा नंबर उठवला. ताराच्या खुरावर मैनाचा.

चार दिवसांनी ट्रक आला. रंगरुटांना शिकवायच्या सेंटरला तारा पाठवायची होती. नेणाऱ्यानं खूर उचलून नंबर बघितला आणि मैनाला चढवली. मी तिथं नव्हतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घोडीचा पाय मांडीवर घेतला आणि कळलं, हा पाय मैनाचा नाही.

मी बोललो नाही वहिनी. बोललो असतो तर माझ्या बाहीवरची फीत गेली असती, कदाचित नोकरीही. गावाकडे माझी आई, अव्वा, अंथरुणाला खिळलेली होती. कृष्णात छुट्टीवरून आला, तबेल्यात गेला. मी लांबून बघत होतो. घोडीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग मानेवर हात ठेवून म्हणाला, "काय मैना." मला वाटलं, सुटलो. सात वर्षं तो तिच्यावर बसला, चार परेड केल्या. निवृत्तीच्या दिवशी माझ्याकडे आला, "मैनाचा एक नाल दे" म्हणाला. मी ताराचा काढून दिला. मैनाचा म्हणून.

खरी मैना त्या सेंटरला नऊ वर्षं होती. मी चौकशी ठेवली होती. कुणी मारलं नाही तिला, म्हातारी होऊन गेली.

काही चोरलं नाही. हे कृष्णातला वाचून दाखवा. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं कळवा.

चनबसाप्पा

•

चंदगड
१९ डिसेंबर

वहिनी,

अठरा दिवस झाले. पोस्टमन आमच्या घरावरूनच रोज जातो.

उत्तर नाही हेच उत्तर, असं मी धरतो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. मेळाव्याला मी येत नाही, साहेबांना तसं कळवतो. कृष्णातला म्हणावं बिनघोर जा.

तुमचा आभारी आहे. या निमित्तानं ते सगळं एकदा कागदावर उतरलं.

चनबसाप्पा

•

कसबा बावडा
२३ डिसेंबर

भावजी,

साहेबांना काय बी कळवू नका. कळीवलं असंल तर शांभवीला सांगून परत कळवा की म्हातारपणामुळं चूक झाली. आता बसून ऐका. पोरीला म्हणावं सावकाश वाच.

मालक न्हाईत. दोन वर्षं झाली. श्रावणात गेले. सकाळी धार काढली, दूध डेरीला घातलं, कट्ट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले. कुणाला उठवलं न्हाई, कुणाला हाक मारली न्हाई. जाताना बी बोलले न्हाईत.

मी तुमाला खोटं एक अक्षर लिवलं न्हाई. भिंतीवर फोटूत हायेत, माझ्याकडं बगत्यात, गालात हसत्यात. समदं खरं हाय. पर खऱ्याचा असा वापर करू ने, ते मला चौथीपतूर मास्तरांनी शिकीवलंतं आणि मी इसरलो.

का केलं ते सांगतो. माणूस गेलं की त्येचं जुनंच जुनं आठवत बसायचं आसतं. त्येच चार गोष्टी. लोक येत्यात, त्येच सांगत्यात, मी बी त्येच सांगतो. नवं काय घडायचं बंद झालेलं आसतं. आणि तुमचं पत्र आलं. म्हटलं, ह्या माणसापाशी माझा नवरा वीस वर्षाचा शिल्लक हाय, मी न बगितलेला. मालक गेले म्हणून लिवलं तर ह्यो चार ओळी दुखवट्याच्या धाडील आणि गप्प बसंल. म्हणून लपीवलं.

आणि भावजी, मिळालं बी. त्येनी घोडीच्या कानात उदयाचं नाव सांगितलं, हे मला चाळीस वर्षानं कळलं. नाव तर मी ठरीवलंतं, हितं, बाळंतिणीच्या खोलीत. तारंत घातलंतं. मला वाटायचं मालकांना पसंत पडलं का न्हाई कुणाला ठावं, कारण तोंडावर कंदी म्हटलं न्हाई. घोडीला सांगितलं म्हंजे पसंत व्हतं. पत्र घेऊन मी गोठ्यात गेलो आणि रडून आलो. वर्षाराणीला सांगितलं, डोळ्यात कडब्याचं कुसळ गेलं.

मंग तुमचं ते मैनाचं वाचलं. वाचतानाच मला कळलं की तुमी येडं हाईसा. माझं मालक बांधावर उभं ऱ्हाऊन, म्हस दिसायच्या आदी तिच्या पावलावरनं सांगायचे की आपली का शेजारच्याची. त्यो माणूस सात वर्षं बुडाखाली आसलेली घोडी वळखणार न्हाई?

त्येंना पयल्या दिवशीच कळलंतं. कशावरनं म्हणतो ते ऐका. आमच्या देवघरात दोन नाल हायेत. एक मालकांच्या ट्रंकंत पयल्यापासनं व्हता. दुसरा पेन्शनीत आले तवा घिऊन आले. दर खंडेनवमीला दोन्ही पाण्यानं धुवायचे, तेल लावायचे, हळद-कुकू व्हायाचे. एकाला म्हणायचे मैना, दुसऱ्याला म्हणायचे तारा. मी चिडवायचो, तुमच्या ह्या दोन सवती माझ्या देवघरात कशाला? तर म्हणायचे, "एक बदलीवर गेली, एक तिच्या जागी आली. दोघी बी गुणाच्या." मला काय ठावं त्यात एवढं म्हाभारत हाय.

विश्वास बसत नसंल तर ह्या पत्रासंगं एक कागद हाय, त्यो बगा. दोन्ही नाल कागदावर ठिऊन पेन्सिल फिरीवलीया, कडंकडंनं, झिजलेलं हाय तितं झिजलेलं काढलंया. नंबर घातल्यात, एक आणि दोन. मालक कुठल्याला मैना म्हणायचे आणि कुठल्याला तारा, ते मी सांगत न्हाई. तुमी नालबंद, तुमी वळखा. मालक म्हणायचे त्येच तुमी म्हटलासा, तर मान्य करा की त्येंना ठावं व्हतं.

आणि एक. त्येनी ते नाल दाराला कंदी लावले न्हाईत. जुन्या घराला न्हाई. एकवीसच्या म्हापुरात ते घर बसलं, उदयानं नवं बांधलं, सागवानी चौकट केली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी उदया ड्रिल मशीन घिऊन आला, नाल बसवतो म्हणाला. मालकांनी नाल हातातनं काढून घेतले. म्हणाले, "नालबंदाबिगर नाल ठोकायचा न्हाई. त्यो यील तवा ठोकील." उदया म्हणाला, कोण नालबंद, कुठला? तर म्हणाले, "हाय एक."

चौकट आजून मोकळी हाय.

आता माझी चूक. तुमची तीन पत्रं आलीती. तिन्ही मीच वाचून दावलीती. मालक म्हणायचे, धोंडे, त्येला चार ओळी लिव. पयल्या बारीला म्हटलं, हात भाजलाय. दुसऱ्या बारीला खरंच लिवाय बसलो. मालक सांगत व्हते, ताराचा पाय कसा हाय इचार, तुझा गूळ ठेवलाय म्हणून लिव, तुझी लई आठवण येती म्हणून लिव. मी लिवता लिवता थांबलो. म्हटलं, मला जलमात "आठवण येती" म्हटलं न्हाई ह्या माणसानं, ती बी परक्याच्या अक्षरातनं आली, आणि दोस्तासाठनं ह्येनी तोंडानं म्हणावं? फाडला कागद. चेष्टंतच फाडला, उद्या लिवू म्हणून. मंग उद्या, मंग परवा. मंग पत्त्याची वही एकोणीसच्या म्हापुरात भिजून गेली, आणि मालकांनी परत काय म्हटलं न्हाई.

म्हंजे तुमाला तेहतीस वर्षं जे वाटलं ते मालकांमुळं न्हवं, माझ्यामुळं. तुमी मैना बदललीसा ती तापात. मी तुमचं उत्तर फाडलं ते चांगल्या ध्यानावर आसताना. आता कुणी कुणाला माफ करायचं त्येचा हिशोब तुमीच लावा. मी या म्हणतोय. मालकांनी तर कवाच म्हटलंय.

धोंडुबाई

•

चंदगड
३ जानेवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र शांभवीनं वाचलं. वाचून झाल्यावर मी तिला बाहेर जायला सांगितलं. कृष्णात गेल्याचं मला दोन वर्षांनी कळावं, याचा राग मी तुमच्यावर धरणार होतो. मग तो कागद हातात घेतला.

रेघ मला उन्हात धरल्यावर दिसली. दोन नंबरचा मैनाचा. डाव्या मागच्या पायाचा आहे. ती तो पाय किंचित बाहेर टाकायची, म्हणून बाहेरची कड टोकाजवळ झिजलीय. तुम्ही ती बरोबर चपटी काढलीत. तिथं मी दर वेळी लोखंड जरा जाड ठेवायचो. हा माझा चौऱ्याऐंशीच्या आधीचा हात आहे, टाचेला वळण जास्त आहे. त्यानं तो कधी उचलून ठेवला, मला माहीत नाही.

एक नंबरचा ताराचा. पुढचा उजवा. मी काढून दिला तोच.

निवृत्तीच्या दिवशी त्यानं तो हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खिशात टाकला. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "हितला खिळा चांगला बसतोय तुझा." मला वाटलं, सहज म्हणतोय. आता कळतं, 'हितला' म्हणजे ताराच्या पायातला.

ट्रंकेत मैनाचा असताना त्यानं माझ्याकडून ताराचा मागून नेला, मैनाचं नाव घेऊन. म्हणजे त्या दिवशीही मला सांभाळलं. सात वर्षं माझ्यादेखत त्या घोडीला मैना म्हणून हाक मारली, कुणी ऐकत असो नसो. एकदा जरी चुकून तारा म्हणाला असता तर मी संपलो असतो. तो कधी चुकला नाही. आणि मी समजत होतो की मी त्याला फसवलं.

फाडलेल्या कागदाचं मनावर घेऊ नका. त्यावर काय होतं ते आता मला माहीत आहे. गुळाचंसुद्धा.

मी येतोय. शांभवी बरोबर आहे. पहिल्या एस.टी.नं निघतो. मेळावा झाला की तुमच्याकडे. ड्रिल मशीन लपवून ठेवा. हातोडा माझा मी आणतो. घोड्याच्या खुराचे खिळे सागवानाला पुरणार नाहीत, लांब लागतील, तेही आणतो.

चनबसाप्पा

ता. क. कृष्णात म्हणायचा तेच मी म्हटलं की नाही, ते पत्रानं कळवू नका. आल्यावर सांगा.

•

कसबा बावडा
२८ जानेवारी

अण्णा,

सुखरूप पोचलासा म्हणून शांभवीचा फोन आला. पोरगी गोड हाय. तिला म्हणावं, आजीनं दिलेला गूळ आजोबाला समदा देऊ नको. निम्मा तिचा, निम्म्यातला निम्मा तुमचा. पद्धत ती पद्धत.

आठ दिवस झालं, घरात अजून मेळावाच चाललाय. वर्षाराणी म्हणती, आई, तुमी त्या हॉलमधी काय बोललासा ते साऱ्या बावड्यात झालंया. काय बोललो मी? तुमची ती सगळी म्हातारी मिशाला पीळ घालून, छातीला पदकं लावून बसलीती आणि पोटं टेबलाला टेकलीती. मी एवढंच म्हटलं की तुमच्यातल्या कुणाला आता घोडं वर घेणार न्हाई, वळून बगंल आणि बसंल. हसली की सगळी. एकानं तर मला सलाम ठोकला.

तुमाला ऐकू आलं नसंल म्हणून एक सांगायचं ऱ्हायलं. साहेब हजेरी घ्याय लागले. एकेकाचं नाव घेत्यात, त्यो उभा ऱ्हातोय. ज्यो गेलाय त्येच्या नावाला समदी गप. मंग नाव आलं, दफेदार कृष्णात नेजदार. तुमी शेजारी बसून समोर बगत व्हतासा, तुमाला काय पत्ता न्हाई. मला ती शांतता सोसना. मी उठलो आणि म्हटलं, "साहेब, घरी हायेत. नालबंदाची वाट बगत्यात." साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणि म्हणाले, "मग नालबंदाला लवकर सोडायला पाहिजे." म्हणून जेवणात तुमाला पयल्या पंगतीला बसीवलं, तुमाला वाटलं वयामुळं.

घरी आल्यावर मी तुमाला फोटोपुढं नेलं. तुमी फोटोच्या अगदी काचंला नाक लावलंसा. तुमाला किती दिसलं, काय दिसलं, मी इचारलं न्हाई. तुमी काचंवरनं अंगठा फिरीवलासा, नालावरनं फिरीवत्यात तसा. मग मीच कानापाशी वरडून सांगितलं, दोन नंबरच्याला मैना म्हणायचे. तुमी नुस्ती मान हलीवलीसा. माझ्या मनातलं वझं त्या घटकंला खाली उतरलं. तुमच्या बी उतरलं असंल तर तेवढं लिवा.

आणि ते चौकटीचं. उदयानं शिडी धरली, तुमी चढलासा. एक्काहत्तर वर्षाचा माणूस, डोळ्यानं अधू, तोंडात चार खिळे धरून. मला भ्या वाटलं, गिळतासा का काय. तुमी आदी चौकटीला थापटलंसा. सागवानाला. "व्हो, व्हो, उभी ऱ्हा" म्हटलंसा, खिळ्यातनं. उदया माझ्याकडं बगाय लागला. मी त्येला डोळ्यानं गप केलं. तुमी चौकटीला म्हणत न्हवतासा ते मला ठावं हाय. मी त्या आवाजाकडं कान लावून उभा व्हतो. मालक म्हशीला असंच म्हणायचे. मला वाटायचं त्येंचं सोताचं हाय. लाईनीत शिकलेलं व्हतं म्हंजे.

अण्णा, मला भाऊ न्हाई. ह्या वर्सापासनं भाऊबिजेला पत्र याला पायजे. डोळं ऱ्हायलं तर तुमच्या अक्षरात, न्हाई तर शांभवीच्या. पर शालीचं तुमीच सांगायचं तिला. यंदा थंडी लई हाय. मी शाल घेतलीया.

आता महत्त्वाचं. मैनाचा नाल सरळ बसलाय, ताराचा बोटभर वाकडा हाय. तुमी गेल्यावर दुसऱ्या दिवशी उदयाच्या ध्यानात आलं. ड्रिल मशीन घिऊन आला, दोन मिनिटात सरळ करतो म्हणाला.

मी मशीन काढून घेतलं. म्हटलं, नालबंद येऊ दे.

तुमची बहीण
धोंडुबाई